वाचकांचे प्रश्न: अडलेलं लॉगिन आणि न निघणारी प्रिंट

या वेळी छोट्या ऑफिसांतून बरेच प्रश्न आलेत. म्हणजे पाच-पंधरा कॉम्प्युटर, कोपऱ्यात एक सर्व्हर, एक-दोन प्रिंटर, आणि हे सगळं बघायला वेगळा माणूस नाही, ज्याला थोडंफार कळतं त्याच्याच गळ्यात पडलेलं. म्हणून आजचं अख्खं पान त्यांनाच दिलंय. उत्तरं वाचायच्या आधी एक सांगतो, काहीही अडलं की आधी शेजारच्या कॉम्प्युटरवर जाऊन बघा. तोच माणूस दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू शकतो का, आणि दुसरा कुणी या मशीनवरून करू शकतो का. माणूस अडलाय, मशीन अडलंय की सगळेच अडलेत हे दोन मिनिटांत कळतं. तेवढंही न बघता फॉरमॅट मारलेली मशीनं मी इतकी बघितलीत की खरंच वाईट वाटतं, कारण फॉरमॅटमध्ये कुणाचं ना कुणाचं काम जातंच.

प्रश्न: आमच्याकडे नऊ कॉम्प्युटर आणि एक विंडोज सर्व्हर आहे. महिनाभर झाला, सकाळी लॉगिन करताना नुसतं गोल फिरत बसतं, कधी पाच मिनिटं कधी दहा. आत गेल्यावर सर्व्हरच्या ड्राइव्हवर लाल फुली. इंटरनेट मात्र मस्त चालतंय. रोज होत नाही आणि सगळ्यांना पण होत नाही. सर्व्हर बदलायची वेळ आलीय का सर?

उत्तर: सर्व्हरला हात लावू नका. इंटरनेट मस्त चालतंय पण स्वतःचाच सर्व्हर सापडत नाही, तुमच्या या एका वाक्यात अर्धं उत्तर आहे. माझा संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर.

काय होतं बघा, कॉम्प्युटर सुरू झाला की तो पहिल्यांदा विचारतो, आपल्या डोमेनचा (म्हणजे एका सर्व्हरवरून लॉगिन चालणाऱ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरांच्या गटाचा) सर्व्हर कुठे आहे? हा प्रश्न तो ज्या डीएनएसला विचारतो त्याला उत्तर माहीत पाहिजे ना, आणि ते उत्तर फक्त तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरकडेच असतं. राउटरला विचारलं किंवा गूगलच्या ८.८.८.८ ला विचारलं तर त्यांना जगातल्या सगळ्या वेबसाइट माहीत, पण तुमच्या ऑफिसचं डोमेन त्यांच्या गावीच नाही. मग कॉम्प्युटर वाट बघतो, परत विचारतो, परत वाट बघतो, आणि शेवटी कंटाळून त्याच्याकडे साठवलेल्या जुन्या लॉगिनवर तुम्हाला आत सोडतो. विंडोज आधी त्या मशीनवर येऊन गेलेल्या माणसांचं लॉगिन लक्षात ठेवतं, ठरलेली सेटिंग १० जणांची असते. म्हणून तुम्ही आत जाता, डेस्कटॉप दिसतो, आणि ड्राइव्हवर फुली, कारण सर्व्हरशी खरी ओळख झालेलीच नाही.

आता बघायचं कसं. ज्या मशीनला त्रास आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग लिहा, एक स्पेस, मग स्लॅश आणि ऑल. डीएनएस सर्व्हर्सच्या ओळीसमोर काय येतं ते बघा. तिथे फक्त तुमच्या सर्व्हरचा पत्ता असला पाहिजे, समजा १९२.१६८.१.१० असेल तर तोच, बाकी काही नको. बहुतेक ठिकाणी काय केलेलं असतं, पहिला पत्ता सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी नेट चालू राहील. ऐकायला बरोबर वाटतं पण विंडोज दुसऱ्याकडे फक्त अडचणीतच जातं आणि लगेच परत येतं असं नाही. पहिल्याने एकदा जरी उशिरा उत्तर दिलं तरी ते दुसऱ्याला धरतं आणि काही वेळ तिथेच चिकटून राहतं. तुमचं रोज नाही आणि सगळ्यांना नाही हे त्यामुळेच असणार. एका ऑफिसात मी दीड दिवस केबल आणि स्विच बदलत होतो, तिथेही शेवटी हा दुसरा पत्ताच निघाला, आणि तेव्हापासून मी सगळ्यात आधी हीच ओळ बघतो.

बाहेरच्या वेबसाइटसाठी ८.८.८.८ हवा असेल तर तो सर्व्हरवर डीएनएसच्या फॉरवर्डर्समध्ये टाका, कॉम्प्युटरवर नाही. कॉम्प्युटर सर्व्हरला विचारेल, सर्व्हर बाहेर विचारेल. आणि हे पत्ते कॉम्प्युटरला देतंय कोण ते पण तपासा. बऱ्याचदा राउटर नवीन बसवला की त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते देणारी सेवा, चालूच राहतं आणि सर्व्हरचं पण चालू असतं, मग ज्याने आधी उत्तर दिलं त्याचा पत्ता मशीन घेतं. दोन्हीपैकी एकच ठेवा. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, त्यातून पण राउटर स्वतःला डीएनएस म्हणून पुढे करतो, ती ओळ पण त्याच यादीत दिसेल. ती बंद करायची तर राउटरमध्ये करा, कॉम्प्युटरवर आयपीव्ही६ उपटून टाकू नका. आणि पत्ता जर १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर मात्र डीएनएस वगैरे सोडा, त्या मशीनला कुणी पत्ताच दिलेला नाही, आधी केबल आणि स्विच बघा.

हे सगळं ठीक असूनही एखादंच मशीन अडत असेल तर घड्याळ बघा. सर्व्हरची ओळख पटवायची जी पद्धत आहे, केर्बेरॉस, त्यात सर्व्हरच्या आणि कॉम्प्युटरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, ठरलेली सेटिंग तशीच असते. आणि नुसता काटा बरोबर दिसून उपयोग नाही, टाइमझोन चुकीचा ठेवून कुणी हाताने वेळ बरोबर केली असेल तर दिसायला वेळ बरोबर पण आतून काही तास चूक. रोज सकाळी घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय, डेस्कटॉपमध्ये बहुतेक सीआर२०३२ असतो, तो बदला.

प्रश्न: एका पीसीची हार्डडिस्क गेली म्हणून आम्ही चार महिन्यांपूर्वीच्या इमेज बॅकअपवरून नवीन डिस्कवर सगळं परत आणलं. विंडोज चालू झालं पण लॉगिन करताना ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड असा मेसेज येतो. पासवर्ड बरोबर आहे, त्याच पासवर्डने बाजूच्या पीसीवर लॉगिन होतं.

उत्तर: बाजूच्या पीसीवर करून बघितलंत हे फार चांगलं केलंत, म्हणजे माणूस ठीक आहे, मशीन अडलंय. जसा तुमचा पासवर्ड असतो तसा डोमेनमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा पण स्वतःचा पासवर्ड असतो, तुम्हाला कधी दिसत नाही, आणि तो कॉम्प्युटर स्वतःच साधारण ३० दिवसांनी बदलतो. तुमच्या इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्या जुन्या नकलेत, चार महिन्यांपूर्वीचा पासवर्ड आहे आणि सर्व्हरकडे आत्ताचा. जुळणार कसे?

फॉरमॅट नको. त्या मशीनच्या लोकल अ‍ॅडमिन खात्याने आत जा. ते खातं माहीत नसेल तर नेटवर्कची केबल काढा आणि डोमेनच्या एखाद्या अ‍ॅडमिनने आधी त्या मशीनवर लॉगिन केलेलं असेल तर त्याच्याच नावाने करून बघा, केबल नसली की साठवलेलं लॉगिन चालतं. फक्त पासवर्ड इमेज काढली त्या वेळचा टाका, कारण साठवलेलं पण तेव्हाचंच आहे. आत गेल्यावर केबल परत लावा, पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही कमांड, सगळे शब्द जोडून फक्त टेस्टनंतर एक डॅश, पुढे रिपेअर आणि क्रेडेन्शियल हे दोन पर्याय लावून चालवा. डोमेन अ‍ॅडमिनचा आत्ताचा पासवर्ड मागेल. ट्रू आलं की झालं, रिस्टार्ट करा.

जमलं नाही तर डोमेनमधून काढून परत जोडायचं, पण इथे लक्ष द्या, डोमेनमधून काढायच्या आधी लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड चालतोय हे लॉगिन करून खात्री करा. नुसतं माहीत आहे असं वाटून चालत नाही. बाहेर काढलं आणि तो पासवर्ड चुकीचा निघाला तर तुम्ही स्वतःच्याच मशीनच्या बाहेर कुलूप लावून उभे. परत जोडल्यावर त्याच डोमेनमधल्या त्याच माणसाचं जुनं प्रोफाइल, म्हणजे त्याचा डेस्कटॉप, फाइली, सेटिंग, जसंच्या तसं मिळतं, त्याची भीती नको.

प्रश्न: नवीन लॅपटॉप आणला, विंडोज ११ होम आहे, डोमेनमध्ये घालायचा पर्यायच सापडत नाही.

उत्तर: सापडणार नाही, होममध्ये तो दिलेलाच नाही. प्रो करून घ्या. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही, सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये जाऊन प्रोची की टाकली की आहे त्यावरच बदल होतो.

प्रश्न: आमचा प्रिंटर सर्व्हरवरून शेअर केलाय. आठवड्यातून दोनदा तरी सगळ्यांच्या प्रिंट अडकतात. क्यूमध्ये पहिलं जॉब डिलीटिंग असं दाखवतं पण डिलीट होत नाही, मागे वीस-पंचवीस जॉब. प्रिंटर बंद-चालू करून काही होत नाही, सर्व्हर रिस्टार्ट केला की सुटतं पण मग सगळ्यांचं काम थांबतं. शेवटी शेवटी तर लोक एकच प्रिंट दहा वेळा देतात आणि सुटलं की दहाही निघतात.

उत्तर: सर्व्हर रिस्टार्ट करायची गरज नाही, फक्त प्रिंटची रांग सांभाळणारी स्पूलर नावाची सर्व्हिस रिस्टार्ट करायची. पण नुसती रिस्टार्ट करून पण पुरत नाही, कारण खराब जॉब फोल्डरमध्ये तसाच बसलेला असतो आणि स्पूलर उठला की परत त्यालाच धरतो. म्हणून आधी सर्व्हरवर सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर थांबवा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर. त्यातल्या फाइली पुसा, फोल्डर ठेवा. प्रत्येक जॉबच्या दोन फाइली दिसतील, एसपीएल म्हणजे छापायचा मजकूर आणि एसएचडी म्हणजे कुणी दिलं, किती प्रती वगैरे. मग स्पूलर परत चालू. याने क्यूमधल्या सगळ्यांच्या प्रिंट जातात, तेव्हा आधी आवाज द्या की बाबांनो परत प्रिंट द्यावी लागेल. घाई नसेल तर फाइलींच्या वेळा बघून फक्त सगळ्यात जुनी जोडी पुसा, बाकीच्या वाचतात.

हे झालं सोडवायचं. पण आठवड्यातून दोनदा होतंय म्हणजे कारण शोधायलाच पाहिजे. पुढच्या वेळी अडकलं की काही करायच्या आधी क्यूमधला पहिला जॉब कुणाचा आणि कुठली फाइल ते लिहून ठेवा, आणि उठून प्रिंटरच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. तीन-चार वेळा लिहिलंत की एकच माणूस किंवा एकाच प्रकारची फाइल परत परत दिसायला लागेल. बाहेरून आलेल्या पीडीएफ बऱ्याचदा लेटर साइजच्या असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि तुमच्या ट्रेमध्ये ए४, २१० बाय २९७. प्रिंटर बिचारा लेटर कागदाची वाट बघत थांबतो, त्याच्या छोट्या स्क्रीनवर तसं लिहिलेलं पण असतं, पण तिकडे कुणी बघत नाही आणि मागे सगळ्यांची रांग लागते. प्रिंटरमध्ये चुकीच्या साइजसाठी दुसरा कागद वापरायची सेटिंग असते ती चालू करा, किंवा प्रिंट देताना फिट किंवा श्रिंक निवडायची सवय लावा. एखादी पीडीएफ तरीही अडवत असेल तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रिंट अ‍ॅज इमेज करून द्या, फाँटचा घोळ असेल तर त्याने सुटतो.

सर्व्हरचा सी ड्राइव्ह किती भरलाय ते पण बघा. स्पूलर आधी सगळं डिस्कवर लिहितो आणि मग प्रिंटरला पाठवतो, जागाच नसेल तर लिहिणार कुठे? आणि लोकांना प्रेमाने सांगा, प्रिंट निघाली नाही तर परत देऊ नका, आधी विचारा.

प्रश्न: अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर काही पीसीवर जोडताच येत नाही, शेवटी ११बी असलेला एरर येतो. नेटवर एक रजिस्ट्रीची की मिळाली, ती सर्व्हरवर शून्य केली की चालतं म्हणे. आणि दुसरं, स्टाफला ड्रायव्हर टाकताना अ‍ॅडमिन पासवर्ड मागतं म्हणून आम्ही सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून टाकलंय. हे बरोबर आहे ना?

उत्तर: दोन्ही नको, आणि का नको ते जरा सविस्तर सांगतो. २०२१ च्या जून-जुलैमध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये मोठं भोक सापडलं, प्रिंटनाइटमेअर या नावाने ते गाजलं. साध्या खात्याचा माणूस प्रिंटर ड्रायव्हरच्या वाटेने अख्ख्या मशीनचा ताबा घेऊ शकत होता, सर्व्हरचा सुद्धा. ते बुजवण्यासाठी ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन लागायला लागला. आणि सप्टेंबर २०२१ पासून प्रिंट सर्व्हर आणि कॉम्प्युटरमधलं बोलणं जास्त सुरक्षित पद्धतीनेच व्हायला पाहिजे अशी सक्ती आली, ११बी तिथून आला. तुम्ही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, जी की शून्य करताय ती म्हणजे ही सक्ती काढून टाकणं. आणि सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं म्हणजे त्यातल्या एकानेही चुकीची अटॅचमेंट उघडली की ती अटॅचमेंट अ‍ॅडमिन म्हणून चालणार. एवढ्या त्रासाने लावलेलं दार तुम्ही प्रिंटसाठी उघडं टाकताय.

११बी साठी आधी सर्व्हर आणि अडलेले पीसी दोन्हीवर सगळे अपडेट पूर्ण करा, बऱ्याचदा एक बाजू नवी आणि एक जुनी असते म्हणून भांडण होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि सर्व्हर २०१२ आर२ चा तर १० ऑक्टोबर २०२३ लाच, तेव्हा त्यातलं काही अजून चालवत असाल तर ते आधी बदलायच्या यादीवर घ्या.

पण माझं मत विचाराल तर दहा-बारा मशीनच्या ऑफिसात प्रिंटर सर्व्हरवरून शेअर करायचाच कशाला? आजकालचा प्रिंटर स्वतः नेटवर्कवर असतो. प्रत्येक पीसीवर अ‍ॅडमिनने एकदा जाऊन स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्टने थेट प्रिंटरच्या पत्त्यावर जोडून द्यायचा, मग सर्व्हर मध्ये येतच नाही. ११बी चा प्रश्न मिटतो, एकाचं जॉब अडकून सगळ्यांचा क्यू अडत नाही, आणि सर्व्हरवरचा स्पूलर बंद करता येतो. डोमेनचं लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर स्पूलर बंदच ठेवा असं मायक्रोसॉफ्ट पण सांगतं. तोटा एवढाच की कुणी किती पानं छापली त्याचा हिशेब एका जागी राहत नाही. तो लागत नसेल तर मी डोळे झाकून हेच करीन.

थेट जोडताना दोन गोष्टी. प्रिंटरचा पत्ता कायमचा करा, डीएचसीपीमध्ये त्याच्या हार्डवेअरच्या नंबरवर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवर रिझर्व्हेशन टाकून, नाहीतर एखाद्या दिवशी लाइट जाऊन आल्यावर प्रिंटरला दुसराच पत्ता मिळतो आणि सगळीकडे ऑफलाइन. आणि विंडोजला आपोआप प्रिंटर शोधायला लावला तर तो कधी कधी डब्ल्यूएसडी पोर्ट लावतो, तो नको, पोर्ट हाताने बनवा, नंबर ९१००. प्रिंटर पिंगला उत्तर देतोय आणि तरी ऑफलाइन दाखवतंय असं झालं तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची टिक काढून बघा.

प्रश्न: आमच्या एका मॅडमचं खातं दिवसातून चार वेळा लॉक होतं. पासवर्ड बदलल्यापासून सुरू झालं. त्या म्हणतात मी चुकीचा टाकतच नाही, आणि खरंच टाकत नाहीत, मी शेजारी उभा राहून बघितलं.

उत्तर: मॅडम खरं बोलतायत. त्यांचा जुना पासवर्ड कुठेतरी साठवलेला आहे आणि ते ठिकाण त्यांच्या नकळत तोच परत परत सर्व्हरला देतंय. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडा आणि ४७४० नंबरचा इव्हेंट शोधा, त्यात कॉलर कॉम्प्युटर म्हणून मशीनचं नाव येतं. त्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनं काही साठवलंय का, त्यांच्या नावाने एखादा शेड्यूल्ड टास्क चालतोय का, किंवा रिमोट डेस्कटॉपचं जुनं सेशन नुसतं डिस्कनेक्ट करून उघडं राहिलंय का ते बघा. ऑफिसचा मेल किंवा वायफाय याच खात्यावर असेल तर त्यांचा फोन पण तपासा.

आणि एक जागा हमखास राहून जाते, तुमचं स्कॅन करणारं मोठं मशीन. स्कॅन टू फोल्डर सेट करताना कुणीतरी तेव्हा समोर असलेल्या माणसाचंच नाव-पासवर्ड टाकलेलं असतं, मग त्या माणसाने पासवर्ड बदलला की स्कॅन बंद आणि खातं लॉक. स्कॅनरसाठी वेगळं खातं बनवा, त्याला फक्त स्कॅनच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क द्या, बाकी काही नाही. मशीन फार जुनं असेल आणि नव्या सर्व्हरशी बोलतच नसेल तर ते एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत, मागतंय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून, म्हणून ते परत चालू करू नका, मशीनचं फर्मवेअर अपडेट मिळतंय का बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर पाठवा.

प्रश्न: आज सकाळी लॉगिन केलं तर डेस्कटॉप पूर्ण रिकामा, टेम्पररी प्रोफाइल असा मेसेज. सहा वर्षांचं काम डेस्कटॉपवर होतं. प्लीज लवकर सांगा, हात थरथरतायत.

उत्तर: तुम्हाला हे आधीच वेगळं कळवलंय, पण दुसऱ्या कुणावर वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून इथेही देतो. तुमचं काम बहुतेक जागेवरच आहे. सी ड्राइव्हमध्ये यूजर्स फोल्डर उघडा, तुमच्या नावाचं जुनं फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप दिसेल. परवानगी मागितली तर अ‍ॅडमिनकडून उघडून घ्या. दिसल्या दिसल्या ते सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, बाकी काही नंतर. या रिकाम्या डेस्कटॉपवर मात्र नवीन काही सेव्ह करू नका, लॉगआउट केलं की ते जातं.

कॉपी झाल्यावर मशीन एकदा पूर्ण रिस्टार्ट करा. कधी कधी अँटीव्हायरसने किंवा अर्धवट अपडेटने प्रोफाइलची फाइल धरून ठेवलेली असते आणि तेवढ्यानेच सुटतं. डिस्कवर जागा शिल्लक आहे ना तेही बघा. तरी तसंच असेल तर रजिस्ट्रीमध्ये प्रोफाइललिस्टमध्ये तुमच्या खात्याची एकाच नंबरची दोन नावं दिसतील, एकाच्या शेवटी डॉट बॅक (.bak), तोच तुमचा खरा. दुरुस्तीत त्याचं डॉट बॅक काढायचं आणि दुसरं नाव बाजूला करायचं. पण हे काम ज्याला रजिस्ट्री येते त्याच्याकडूनच करून घ्या, आणि आधी त्या कीचा एक्सपोर्ट काढून ठेवायला सांगा. आज काम परत मिळालं की संध्याकाळी घरी जायच्या आत ते डेस्कटॉपवरून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवा, आणि त्या फोल्डरचा बॅकअप कुठे जातो ते सर्व्हर बघणाऱ्याला विचारून घ्या.